फाट्यावरची बाई

यवतमाळात कॉलेजला असताना उज्ज्वला राठोडनं जुनी गिटार घेतली, तेव्हा तिच्या बापाला, देवसिंगला, ते पोरीचं खूळ वाटलं. फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावर होळीला नगारा वाजवणारा तो माणूस. पण पोरगी होळीच्या लेंगी गाण्यांच्या चालींवर स्वतःचे शब्द बसवते, गिटार वाजवत खड्या आवाजात म्हणते, हे ऐकलं आणि तोच नगारा घेऊन तिच्या मागं उभा राहू लागला. सोयाबीन काढायच्या मशीनचं गाणं झालं, तांड्याच्या कोरड्या नळाचं झालं. आधी गॅदरिंग, मग गणपती, मग यूट्यूब. पांढरकवड्याच्या ढाब्यांवरही तिची गाणी वाजू लागली.

मागच्या वर्षी तिनं 'फाट्यावरची बाई' केलं. घर सोडून निघालेली बाई एष्टीत न चढताच परतते, एवढीच गोष्ट.

एष्टी आली, दार उघडलं,
बाईचं पाऊल काहून अडलं?

गाणं जोरात चाललं आणि तांड्यात कुजबुज सुरू झाली. ही बाई कोण? शेजारच्या सेवादासनं बायकोला विचारलं, "उन्हाळ्यात तू फाट्यावर कायले गेलती?" हंसाबाई सुनेच्या मागं-मागं राहू लागली. हातपंपावर उज्ज्वला दिसली की बायका बोलणं तोडत. एकजण तर तोंडावर म्हणाली, "इच्यासमोर शिंकू नका वो, गानं करते."

शेवटी सेवादास घरीच आला. "नाव सांग तिचं."

"काका, नावच नाही. मी मनानं केलं."

"मनानं? आमाले येडं समजली का?"

दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना तिची आई रुपीबाई अचानक म्हणाली, "तुले कोनं सांगितलं?"

"काय, याडी?"

"कंडक्टर दोनदा म्हने, बाई, चढता का नाही? मी एका बाईचं लेकरू खाली उतरवून देल्लं, अन् तशीच मागं फिरली. तू पोटात होती. तुह्या बाले माईत नाही."

उज्ज्वलानं वेचणं थांबवलं. "याडी, मले खरंच माईत नव्हतं. तू निघाली काहून? अन् फिरली काहून?"

रुपीबाईनं तिच्याकडं निरखून पाहिलं. "नाही सांगत. त्याचंही गानं करशील."

"मी ते गानं बंद करते."

"मुळीच नको. बंद केलं तं लोक विचारतील, काहून बंद केलं."

म्हणून यवतमाळच्या कार्यक्रमात तिनं ते म्हटलं. लोकांनी दोनदा म्हणायला लावलं. मागं बापाचा नगारा वाजत होता. मान वळवून त्याच्याकडं पाहायचा तिला धीर झाला नाही.

सामान बांधताना देवसिंगनं विचारलं, "त्या बाईनं घरी येऊन काय सांगितलं असंन?"

"माईत नाही, बा. गानं तेवढंच आहे."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं नगारा उचलून ऑटोत ठेवला. स्टँड आलं. उतरताना तो म्हणाला, "नवीन गानं लवकर कर."