मढचे फादरबाबा आणि एक बांध

युद्धाविरुद्ध लिहिणारे एक कॅथलिक संन्यासी मढजवळ झोपडीत राहतात, हे कळल्यापासून मला चैन नव्हतं. त्यांची पुस्तकं वाचून लोकांना शांतता मिळते; मला शंकाच जास्त येतात. शांतीवर एवढं लिहिणारा माणूस भांडण समोर आलं की काय करतो, हे मला बघायचं होतं.

पुण्याहून सकाळची एसटी पकडा, आळेफाट्याला मिसळ खा आणि माळशेजकडे जाणारी गाडी धरा. मढला जेवणाचं आधी सांगून ठेवा, नाहीतर वडापाववर भागवावं लागतं.

गाव त्यांना फादरबाबा म्हणतं. ते मूळचे वसईचे. तरुणपणी मठात गेले. बॉम्बविरुद्ध लिहिलं म्हणून वरिष्ठांनी काही काळ छापायला मनाई केली. ती त्यांनी निमूट पाळली, लिहिणं मात्र सोडलं नाही. हे सगळं त्यांनी हरभऱ्याला पाणी देता देता सांगितलं. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत त्यांचं मौन असतं.

प्रार्थना संपली आणि शेजारच्या शेतात ट्रॅक्टर धडधडला. तिथल्या दोन भावांपैकी धाकटा सामाईक बांध कोरायला निघाला होता. थोरला कुऱ्हाड घेऊन धावत आला. फादरबाबा उठले आणि ट्रॅक्टरसमोर बांधावर मांडी घालून बसले.

"बाबा, तुमीच सांगा, बांध आधी कुणी कोरला?" थोरल्यानं विचारलं.

ते गप्प.

"बोलत न्हाई, म्हंजी तुमी त्याच्याकडनं."

धाकट्याला वाटलं, ते थोरल्याकडनं आहेत. मौनाचा नियम गावाला ठाऊक आहे, पण रागाच्या भरात कुणाला आठवतो? दोघंही आता त्या म्हाताऱ्यावर उखडले. मी मध्ये बोलायला गेले, तर फादरबाबांनी हातानं मलाही थांबवलं. मला रागच आला. एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं?

ट्रॅक्टरचं चाक त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबलं. अंधार पडला, गारठा वाढला. शेवटी थोरल्यानं कुऱ्हाड खाली ठेवून आपली घोंगडी त्यांच्या खांद्यावर टाकली. मग धाकट्यानं इंजिन बंद केलं.

सकाळी ते काय बोलतात म्हणून मी कान टवकारून बसले होते. त्यांनी विचारलं, चहात साखर किती? भीती नाही वाटली का, असं मी विचारलं.

"वाटली ना. पाय अजून कापतायत."

घरी आल्यावर मढच्या चहावाल्याला फोन केला.

"ट्रॅक्टरला नांगर अजून जोडलेलाच हाय, ताई. बाबा बी रोज सांजच्याला बांधावर बसत्यात."

त्यांची पुस्तकं मी पुन्हा काढली आहेत. संध्याकाळी मात्र वाचवत नाही; लक्ष मढला असतं.