लॅपटॉप जमा झाल्याशिवाय सुदाम घरी येत नाय

आमचा सुदाम लय गुणाचा, असं सगळी उंबरवाडी म्हणते. म्हणू दे. तिचं काय जातंय? मी त्याची थोरली बहीण, भागीरथी. त्याचे गुण निस्तरायला मीच लागते.

कुणी नियम सांगितला की तो पाळायचा, हा त्याचा पहिला गुण. दुसरा शोधायला मला अजून सवड मिळाली नाय. एकदा किन्हवलीच्या दवाखान्यातल्या नर्सबाई वाडीवर आल्या आणि पाणी उकळून प्या म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बाईंची पाठ वळताच विसरून गेले. सुदाम मात्र तेव्हापासून उकळलेलंच पाणी पितो. करवंदं काढायला रानात गेला तरी काखेत बाटली. पायाशी झऱ्याचं गार पाणी वाहतंय, आमी ओंजळीनं पितोय, आणि हा आपला कोमट पाण्याचे घोट घेतोय. बघूनच मला उकडायला लागतं.

आश्रमशाळेत शिकला, आयटीआय केलं, फिटर झाला आणि मुरबाडच्या एमआयडीसीत कंपनीत लागला. भात भरडायच्या गिरणीची यंत्रं बनवणारी कंपनी. वाडीतला पहिला कंपनीवाला म्हणून त्याचं लग्न झोकात केलं आमी. तर भर मांडवात जनरेटर बंद पडला. फिटरचे हात, शिवशिवणारच. पण यंत्राजवळ जाताना अंगावर लोंबतं काय नको, हा आयटीआयच्या सरांचा नियम. मंग यानं मुंडावळ्या सोडल्या, फेटा उतरवला, गळ्यातला हार माझ्या नवऱ्याच्या गळ्यात घातला आणि गेला जनरेटरकडं. लग्न लावणारी धवळेरी म्हातारी गाणं थांबवून बसली. उशिरा आलेल्या पाव्हण्यांनी हार बघितला आणि माझ्याच नवऱ्याला नवरदेव समजून टॉवेल-टोपी दिली. ती टोपी हा गडी अजून मिरवतो, आणि वर मलाच डोळा मारतो. आग लागो त्या जनरेटरला!

आता २००६ सालचं सांगते. आफ्रिकेत टांझानिया म्हणून देश हाय. तिथल्या एका गिरणीवाल्यानं कंपनीची यंत्रं घेतली. ती बसवून, चालू करून द्यायला माणूस पाठवायचा होता. यंत्राला लॅपटॉप जोडून सगळं लावावं लागायचं आणि त्यात सुदामचा हात बसलेला. कंपनीनं त्याचंच नाव काढलं. आमच्या वाडीची माणसं वीटभट्टीवर भिवंडी-पनवेलपर्यंत जायची. विमानात बसणारा हा पहिलाच. आमची आये, नाव तिचं बारकी, ती तर चार दिवस ज्याला त्याला थांबवून सांगत होती. ज्याला सांगायचं राहिलं त्याच्या घरी जाऊन सांगून आली.

अडचण एकच होती. सुदामच्या बायकोला, कविताला, आठवा महिना होता. लग्नाला नऊ वर्षं झालेली, आणि आता कुठं पाळणा हलायची आशा. सुदामचा पाय निघेना. कविताच म्हणाली, "तुमी जा. मी काय एकटी हाय का? बाय हाय ना." बाय म्हंजे मी. मी तिथंच हो म्हणाले आणि अडकले.

जायच्या आधी सुदामनं आमाला कंपनीचे नियम म्हणून दाखवले. लॅपटॉप परदेशी न्यायचा तर तो हातातच ठेवायचा, सामानात टाकायचा नाय. दुसऱ्याला वापरायला द्यायचा नाय. त्यात घरचं, खाजगी काय भरायचं नाय. आणि परत आल्यावर कुठंही न जाता आधी कंपनीत, साहेबांच्या हातात जमा करायचा. आरती म्हणावी तसे घडाघडा म्हणाला. कविता कण्हत-कुंथत उठली आणि म्हणाली, "आणि बायकोचं काय लिवलंय त्यात?"

"बायकोचं काय नाय लिवलं," हा म्हणाला.

"मंग बरंय," म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली.

तो गेला आणि तीन आठवड्यांत कविता बाळंत झाली. पोरगी! गोरी नाय, काळी नाय, नाचणीच्या भाकरीसारखी खरपूस. आयेनं तर वाडीभर गूळ वाटला. मी तिला मांडीवर घेतली आणि मला जे रडू फुटलं ते आवरेना. नऊ वर्षं आमी ज्या देवाला सांगत होतो त्या प्रत्येक देवाचं नाव घेऊन रडले.

सुदाम रविवारी तिकडच्या बूथवरून किन्हवलीच्या दुकानात फोन करायचा. मी जाऊन बसले. "पोरगी झाली रे!" म्हटलं. पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं लाइन कटली. मंग नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"कुनासारखी हाय गो बाय?" त्यानं विचारलं.

"स्वतःच बघ ना," मी म्हटलं. "किन्हवलीच्या स्टुडिओत तिचा फोटो काढलाय. मुरबाडला सायबर कॅफे हाय, तिथून तुझ्या लॅपटॉपवर पाठवतात म्हणे. आजच पाठवते."

"नको बाय! पाठवू नको!"

"का रे?"

"कंपनीच्या लॅपटॉपात घरचं काय चालत नाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानदार बिस्किटं मोजता मोजता थांबला, एवढी मी ओरडले. नऊ वर्षांनी पोर झालंय, आणि हा म्हणतो फोटो नको! तिकडच्या कुणाच्या कॉम्प्युटरवर बघ म्हटलं, तर म्हणे गिरणीत एवढा एकच हाय. मी फोन आपटला. घरी येऊन कविताला सांगितलं. तिनं फोटो पेटीत ठेवून दिला.

बारसं आमी थांबवून ठेवलं. बाप आल्याबिगर कसलं बारसं? पोरीला कुणी ठकी म्हणायचं, कुणी चिमणी. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हंजे माझा. मी नाव मनातच ठेवलं होतं.

शिमग्याच्या दिवशी सकाळी सुदाम येणार होता. वाडीनं ढोल तापवून ठेवला. वेशीवर आये भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली, लांबून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकायला. कविता नवं लुगडं नेसली. दहा वाजले, बारा वाजले, ऊन डोक्यावर आलं. सुदामचा पत्ता नाय. आयेच्या हातातला तुकडा वाळून कडक झाला.

मंग म्हादूची जीप आली. मुरबाड-किन्हवली फेऱ्या मारतो तो. उतरल्या उतरल्या हसायला लागला. "सुदाम ना? तो कंपनीच्या गेटात बसलाय. सकाळपासनं!"

झालं होतं असं. हा विमानातून उतरून थेट कंपनीत गेला, लॅपटॉप जमा करायला. कंपनी शिमग्याची बंद. वॉचमननं लॅपटॉपची नोंद करून याला आत घेतला. साहेब कल्याणला, फोन उचलेनात. वॉचमन लॅपटॉप ठेवून घेईना, कारण तसा त्याला हुकूम नाय. बरं, घेऊन बाहेर जावं तर एकदा आत आलेली वस्तू साहेबांच्या सहीच्या पासशिवाय गेटाबाहेर जात नाय. आणि लॅपटॉप टाकून सुदाम जात नाय. माझ्या भावाला त्याच्याच जातीचा माणूस भेटला होता. बसले होते दोघं एका बाकावर.

मी म्हटलं, "म्हादू, जीप वळव."

जीपमध्ये किती माणसं बसली ते विचारू नका. मागच्या पायरीवर माझा नवरा लोंबत होता, तीच टोपी घालून. ढोल टपावर. सरळगाव येईपर्यंत तर ढोल वाजायलाही लागला.

गेटावर वॉचमन उभा. चांगो त्याचं नाव, मिशा दोन्ही बाजूंनी पिळलेल्या. त्याच्या मागं सुदाम, काळवंडलेला, दाढी वाढलेली, छातीवर आडवा पट्टा आणि काखेत काळी बॅग. आमाला बघून धावत गजांपाशी आला. कविताच्या छातीशी पोरगी, पदराखाली झाकलेली.

"दाखव ना," हा म्हणाला.

"नाय," कविता म्हणाली. "फोटो नको म्हणालात ना? मंग गजातून पन नाय. जवळ घ्याल तवाच बघाल."

शाब्बास पोरी! एरवी तिच्या तोंडून चार शब्द काढायला पाव्हणे बोलवावे लागतात. आये मधे आली, गजांतूनच तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सुदामच्या पायांवर पाणी ओतलं. चांगोच्या बुटांवरही उडालं. त्यालाही ओवाळला तिनं, कुणाचीच सुटका नाय.

मंग मी सुरू झाले. "अरे मेल्या, तुला लाज हाय का? नऊ वर्षांनी पोर झालं, महिना उलटून गेला, आणि तू त्या डब्याला कवटाळून बसलास? टाक तो त्या बाकावर आणि ये बाहेर! कोण खातंय त्याला?"

सुदामनं बॅगेचा पट्टा सारखा केला. मंग हळूच म्हणाला, "बाय, तुला सांगितलं नव्हतं. माझं नाव निघालं ना, तवा ऑफिसात एकजण बोलला. म्हणाला, वाडीवरचा माणूस हाय, लॅपटॉप घेऊन जाईल, पन परत आणील का? मी दाराबाहेरच होतो. कॉम्प्युटरचे साहेब म्हणाले, मी सही करतो त्याच्यासाठी." त्यानं बॅगेवर हात ठेवला. "आपल्याला आजवर घमेल्याशिवाय कुनी काय दिलं होतं का गो? हा माझ्या हातून साहेबांच्या हातात गेला ना, की उद्या वाडीतल्या दुसऱ्याला द्यायला कुनी कचरणार नाय. मधे कुठं ठेवला, काय झालं, तर पुन्हा तेच बोलतील."

ढोलवाल्यानं ढोल खाली ठेवला. माझा सगळा राग कुठं गेला कळलं नाय.  माझा भाऊ, ज्याला मी जन्मभर येडा म्हटलं! मी पदर तोंडाला लावला आणि मंग म्हटलं, "बरं. मंग शिमगा हितंच. रस्त्यावर. साहेब येईपर्यंत कुनी हालायचं नाय."

लॅपटॉपचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, नायतर तुमचा जीव त्यातच राहील. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी आले. गेटावर अख्खी वाडी बघून त्यांना वाटलं मोर्चा आलाय. सुदामनं लॅपटॉप त्यांच्या हातात दिला. साहेबांनी बॅग घेतली आणि मंग सुदामचा हात धरला तो सोडलाच नाय. आणि दोन वर्षांनी आमच्याच वाडीतली रुपा, आयटीआय झालेली, कंपनीचा लॅपटॉप घेऊन श्रीलंकेला गेली. तिच्यासाठी सही कुणाची घ्यायची, असं कुणी विचारलं नाय.

पण तो दुसरा दिवस. शिमग्याच्या दुपारी आमी गेटाबाहेर आणि सुदाम आत. चांगोचंही मन विरघळलं होतं. मिशा तशाच, पण डोळे पाणावलेले. म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी कामगाराला भेटायला एका माणसाला आत सोडता येतं. बाकापर्यंत. एकच माणूस. नाव लिवून."

झालं! एकच माणूस म्हटल्यावर वाडीत भांडण लागलं. आये म्हणाली मी आई. बायका म्हणाल्या कविताला सोडा. माझा नवरा म्हणाला मी जातो, त्याला कुणी विचारलं होतं देव जाणे. तेवढ्यात कवितानं पदर बाजूला केला आणि पोरीला चांगोसमोर धरलं.

"हिला सोडा," म्हणाली.

चांगो गडबडला. मिशीवरून हात फिरवला, आभाळाकडं बघितलं, मनातल्या मनात सगळे नियम वाचले असतील त्यानं. लहान पोराला सोडू नये असं कुठंच नव्हतं. त्यानं पेन काढलं. "नाव?"

सगळी वाडी माझ्याकडं बघायला लागली. पोरीला नावच नव्हतं की!

"नाव नसलेल्या माणसाची नोंद कशी करू?" चांगो म्हणाला, खरंच काळजीत पडून.

मंग केलं बारसं. तिथंच, एमआयडीसीच्या रस्त्यावर. लुगड्याची झोळी केली, चार बायकांनी चार टोकं धरली. मी वाकले, पोरीच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. आत्यानं नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायची रीत हाय. वाडीतल्या बायकांनी इतक्या वर्षांचे हिशेब त्या धपाट्यांत चुकते केले. पाठ शेकत होती आणि मी हसत होते. ढोल पुन्हा सुरू झाला. गजांपलीकडं सुदाम पट्टा घट्ट धरून एकटाच नाचत होता.

"अंजू," मी चांगोला ओरडून सांगितलं. "अंजू सुदाम मेंगाळ. लिवा!"

त्यानं लिवलं. "कुनाला भेटायचं?"

"बापाला."

"काम काय?"

आता याला काय सांगावं?  कविता पोरीचं टोपडं सारखं करत होती. तिनं मान वर करून सुदामकडं बघितलं. तो नाचायचा थांबला होता आणि गजांवर डोकं टेकून उभा होता.

"पयल्यांदा भेटतायत," ती म्हणाली. "वळख करून घ्यायची हाय."

चांगोनं ते तसंच्या तसं लिवलं आणि गेट उघडलं.