वाऱ्यात उभे सासरे

वादळाला ‘हलू नका’ म्हणून दटावणारा माणूस अख्ख्या आयर्लंडात एकच निघाला, आणि ते नेमके माझे सासरे. अकोल्यात त्यांनी हयातभर फोटो स्टुडिओ चालवला. निम्म्या गावाला त्यांनी एका रंगवलेल्या पडद्यापुढे बसवलं असेल. पडद्यावर निळंशार तळं होतं, हंसाची जोडी होती आणि मागे डोंगर. त्या तळ्यावर कधी साधा तरंगही उठला नाही. असे हे गृहस्थ २०२०च्या फेब्रुवारीत अ‍ॅथलोनला लेकीकडे चार दिवस राहायला म्हणून आले, जग बंद झाल्यामुळे इथेच अडकले, आणि हिवाळा लागल्यावर घराजवळच्या खऱ्या तळ्यासमोर जाऊन उभे राहिले. इथे तळ्याला लॉख म्हणतात. आमचं लॉख हिवाळ्यात स्वतःला समुद्र समजतं.

सासूबाई आल्या नव्हत्या. विमानाचं नुसतं नाव काढलं तरी त्यांना गरगरायचं. “तुम्ही पाहून या, मला फोटोत दाखवा,” असं त्यांनी निघताना सांगितलं होतं, आणि सासऱ्यांनी ते लग्नाच्या ऑर्डरसारखं मनावर घेतलं. इथलं हवामान खातं येणाऱ्या मोठ्या वादळांना नावं देतं, याचं त्यांना फार कौतुक. “बारसं झालेलं वादळ आहे जवाईबापू, त्याचा फोटो नाही काढला तर बरं दिसत नाही,” म्हणत ते सकाळीच तयार व्हायचे: डोक्यात माकडटोपी, अंगात माझं रेनजॅकेट, त्यावर लेकीचा लोकरी स्कार्फ, गळ्यात कॅमेरा, काखेत त्याची तिवई. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला तेव्हा बंदी होती. तळं त्या पाचाच्या आत आलं ही देवाचीच सोय, असं त्यांचं ठाम मत होतं.

माणसाशिवाय फोटो काढणं त्यांच्या धंद्यात बसत नसे. “नुसत्या पाण्याचा फोटो म्हणजे कॅलेंडर. आपलं माणूस पाहिजे ना बाप्पा त्याच्यात!” त्यामुळे त्या हिवाळ्यातल्या प्रत्येक वादळापुढे मी उभा आहे. “हनुवटी खाली. डावा खांदा इकडे. आता हलू नका.” मी हलत नव्हतो हो, वारा मला हलवत होता, पण हे सासऱ्यांना कोण सांगणार? एकदा माझा कान पार बधिर झाला, तर “चेहरा काहून असा केला?” म्हणून वर मलाच बोलणी. मी नसलो तर कुत्रं फिरवायला येणारा एक आयरिश म्हातारा त्यांच्या तावडीत सापडायचा. सासरे त्याला हातवारे करून बसवत, आणि तोही टोपी गच्च धरून, “ग्रँड, ग्रँड,” म्हणजे ‘छान, छान’ म्हणत निमूटपणे बसे. मला भेटला की विचारायचा, “युअर मॅन विथ द कॅमेरा कसा आहे?” इथे ‘युअर मॅन’ म्हणजे तो अमका गृहस्थ. मला मात्र ते शब्दशः घ्यायला आवडायचं.

घरी आल्यावर त्यातला एक फोटो निवडून अकोल्याला पाठवायचा आणि लगेच फोन लावायचा. सासूबाई दर वेळी म्हणायच्या, “छान आला.” सासरे दिवसभर त्या दोन शब्दांवर खूश असायचे.

जानेवारीत एकदा त्यांच्या हातून चुकीचा फोटो गेला. हातमोज्याचा अंगठा भिंगावर आला होता. काळा ठिक्कर फोटो, दुसरं काही नाही. फोन लागल्यावर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “कसा आला?”

“छान आला. पाणी किती उसळलंय हो!”

सासऱ्यांनी मोबाईल कानापासून लांब धरून तो फोटो पुन्हा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मोबाईल पुन्हा कानाला लावला.

“तुझा मोतीबिंदू किती पिकला?” त्यांनी विचारलं.

ऑपरेशन उन्हाळ्यात व्हायचं होतं, ते लॉकडाऊनमुळे पुढे ढकललं, पुन्हा ढकललं, हे तेव्हा कळलं. “आता उजेड तेवढा समजते,” सासूबाई म्हणाल्या. “तुम्हाला सांगून काय, तिथून थोडंच येता आलं असतं?” ते खरंच होतं, म्हणून सासऱ्यांना ते फार लागलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. जन्मभर लोकांना ‘इकडे पाहा’ म्हणणाऱ्या माणसाला आपल्याच बायकोला दिसत नाही हे फोनवर कळावं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

पुढचं वादळ आलं तेव्हा कॅमेरा घरीच राहिला. मी गाडी काढली. होड्यांच्या शेडच्या आडोशाला उभं राहून त्यांनी अकोल्याला फोन लावला आणि मोठ्याने सांगायला लागले, “ऐक. पाणी काळं आहे, पार काळं. सतरंजी झटकतेस ना तू दोन्ही टोकं धरून, तसं हलून राह्यलं. आता एक मोठी लाट आली... फुटली पाहा धक्क्यावर.”

“बदकं कुठं गेली?” पलीकडून प्रश्न.

“बसली आडोशाला. माझ्यासारखीच.”

“अन् झाडं?”

“झाडं वाकली. पण मोडली नाहीत.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते वाऱ्याने येत होतं असं आम्ही दोघं धरून चाललो. सांगण्याच्या भरात त्यांचा वेग वाढला तशा सासूबाई म्हणाल्या, “हळू सांगा ना. मी पाहून राह्यली.”

तिकडचा पावसाळा सरता सरता त्यांना विमान मिळालं. दिवाळीआधी सासूबाईंचं ऑपरेशन झालं, सासरे जवळ होते. पट्टी निघाल्यावर सगळे फोटो मोठे करून त्यांच्यापुढे मांडले. मी फोनवर विचारलं, कसे वाटले? “चांगले आहेत जवाईबापू,” त्या म्हणाल्या, “पण तळं लहान आहे यात. यांनी सांगितलं ते लय मोठं होतं.” मागे सासरे खाकरले. रागावले की सुखावले, ते कळलं नाही.

आता डिसेंबर आहे. तळ्यावर वारा सुटला की मला त्यांची फार आठवण येते. फोटो पाठवू का विचारलं तर सासूबाई नको म्हणतात. मग मी त्याच शेडच्या आडोशाला उभा राहून फोन लावतो. तिकडे दोघं एकाच फोनला कान लावून बसतात आणि मी सांगायला लागतो, पण मला तळं तेवढं मोठं सांगता येत नाही.