ती बाही मी फाडली

"ही पांढरी साडी कशाला नेसून आलीस?" सर म्हणाले. "तीच बाई आहे हे लोकांना पटणार कसं?"

जळगावच्या त्या हॉलमध्ये तेव्हा पन्नासेक माणसं असतील. हातात चहाचे कप. सगळी भिंतीवरचे फोटो बघत होती. चारही फोटो माझे होते. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

पहिल्या फोटोशेजारी खिळ्याला एक शर्ट टांगला होता. सरांनी तो काढून माझ्यापुढे धरला.

"आत बाथरूम आहे. साडीवरून हा चढव, केस थोडे विस्कट आणि पाच मिनिटं इथे उभी राहा. मग जा."

शर्ट माझाच. केळीच्या चिकाने काळा पडलेला, डावी बाही खांद्याजवळून कोपरापर्यंत फाटलेली. मी तो घेतला आणि बाथरूमकडे निघाले. हे आधी लिहून ठेवते. मी निघाले होते. कोणी ऊठ म्हटलं की उठायचं, ही सवय माझ्या पायांतच आहे.

मी चौथीपर्यंत शिकले. वाचते, पण बोट ठेवून. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो. म्हणून मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं उरली आहेत, त्यांवर लिहिते आहे.

माझं माहेर पारोळ्याजवळ. लग्न होऊन असोद्याला आले. तेव्हापासून केळीत मजुरीला जाते. बुंध्याशी फुटलेली पिलं कापायची, वाळलेली पानं काढायची. केळीचा चीक कपड्याला लागला की जन्मात निघत नाही. म्हणून आम्ही बाया साडीवरून पुरुषाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट घालतो. तो शर्ट कामाचा. घरी आलं की दाराबाहेर दोरीवर टाकायचा. घरात आणायचा नाही.

मागच्या हिवाळ्यात हे सर आमच्या आबांच्या केळीत आले. आबा म्हणजे शेतमालक. एका नवरा-नवरीचे लग्नाआधीचे फोटो काढायचे होते. आम्ही तिघीचौघी बाजूला होऊन उभ्या राहिलो. सरांनी कॅमेरा खाली केला आणि माझ्याकडे बोट केलं. "हिला चेहरा आहे."

बाकीच्या हसल्या. एक म्हणाली, "मंग आम्हाले काय हाय वं?"

सर आबांशी बोलत राहिले. एकाच बाईला चार रूपं द्यायची. कपडे बदलायचे, उजेड बदलायचा, जागा बदलायची. चेहरा तोच. त्यांचा फोटोग्राफीचा क्लास आहे, त्यासाठी हवं होतं. मला कोणी काही विचारलं नाही. आबा मला म्हणाले, "जाय वं. साहेब म्हनता तं. तुझं काय जातं?"

माझं काय जातं ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. बेचाळीस वर्षांत मला चेहरा आहे असं कोणी म्हटलं नव्हतं.

रविवारी ते घरी येणार होते. मी पहाटे उठून अंगण सारवलं. भिंतीला निळा रंग आदल्याच महिन्यात दिला होता. डोक्यावरून न्हाले. पौर्णिमेला बुद्धविहारात वंदनेला नेसते ती पांढरी साडी नेसले, निळ्या काठाची. इस्त्री नव्हती. रात्रभर गादीखाली घडी घालून ठेवली होती.

सर आले. बरोबर मेकअपच्या मॅडम होत्या आणि क्लासचा एक मुलगा, एक मुलगी. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग घराकडे पाहिलं. मॅडमना म्हणाले, "हे फारच नीट आहे. ह्यात काय बदल दाखवणार?"

मग मला म्हणाले, "रोजचे कपडे घाल."

"हे घरचेच आहेत," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

"कामाचे. मळके असतील ते."

मी दोरीवरचा शर्ट काढून घातला. घराची भिंत त्यांना चालली नाही. मागे आबांच्या गोठ्याचा उकिरडा आहे, तिथे नेलं. दुपारचे बारा वाजले होते. सर मुलांना शिकवत होते, "ऊन डोक्यावरून आलं की डोळ्यांखाली खड्डे पडतात. गालफडं बसतात. हाच उजेड हवा." मॅडमनी माझ्या तोंडावरचं तेल पुसलं आणि चिमूटभर राख लावली. केस सोडले. सरांनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि मान हलवली.

"अजून काहीतरी कमी आहे. ह्याच्यापेक्षा जुना शर्ट नाही का?"

"नाही," मी म्हणाले. आणि ते आता निघून जातील अशी मला भीती वाटली. मॅडमनी आणलेल्या पेटीत लाल रेशमी साडी होती, ती मी मघाशी पाहिली होती. मीच विचारलं, "बाही फाडू का?"

सर हसले. "हुशार आहेस."

मी शर्टाची बाही धरली आणि फाडली. एकदा ओढून फाटेना. कापड चांगलं होतं. दोन्ही हात लावून फाडली. फोटो झाल्यावर तो शर्ट सर घेऊन गेले.

नंतरचे फोटो छान झाले. पारोळ्याच्या किल्ल्यावर नेलं, संध्याकाळच्या उन्हात, लाल साडीत, नाकात खोटी नथ घालून. एक पोरगी चंदेरी गोल पडदा धरून उभी होती, त्यातून उजेड माझ्या गालावर टाकत होती. माहेरच्या गावावरून गाडी गेली तेव्हा मी काच खाली करून घेतली. कोणी बघावं म्हणून. स्टुडिओत मॅडमनी काळा कोट चढवला, काच नसलेला चष्मा दिला. ऑफिसातली बाई. चौथा केळीत, हिरवी साडी, मागून सूर्य. त्याच केळीत जिथे मी रोज असते.

मला म्हणाले होते फोटो पाठवू. आले. मुलीच्या मोबाइलवर आले, पण सरांकडून नाही. तिच्या मैत्रिणींकडून.

मुलगी जळगावला अकरावीत आहे, रोज बसने जाते. त्या दिवशी आली आणि दप्तर न काढताच बसून राहिली. मग मोबाइल माझ्यापुढे ठेवला. वर उकिरडा. खाली किल्ला. मध्ये लिहिलं होतं. मी बोट ठेवून वाचलं.

आधी: उकिरड्यावर सापडलेली. नंतर: आमच्या हातून घडलेली.

"वर्गात सगळ्यांनी पाहिलं," ती म्हणाली. "एकीने विचारलं, ही तुझी आई का? खाली लिहिलेलं आडनाव, गाव सगळं जुळतंय म्हणाली."

"मग तू काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं."

मी तिला रागावले नाही. कोणत्या तोंडाने रागावू? उकिरड्यावरची ती बाई माझी आई नाही, असं मीही म्हटलं असतं. ती जेवली नाही. मी भांडी घासत बसले, घासलेलीच परत घासली.

माहेरी आईनेही पाहिला तो. भावाच्या मोबाइलवर. तिचा फोन आला. "हाऊ फोटो तुना शे का?" माझाच आहे, मी म्हटलं. आई म्हणाली, "तुना बापनी तुले कधी फाटकं घालू दिधं नही." आणि फोन ठेवला.

पुढे दोन महिने मी केळीत मान खाली घालून काम केलं. बाया विचारायच्या, "काय वं हिरोइन, आज कुठी शूटिंग?" मी हसायचे. हसणं हे माझं दुसरं नाव आहे.

मग सरांचा निरोप आला. हॉलमध्ये प्रदर्शन आहे, ये. मी ठरवलं की जायचं आणि तो पहिला फोटो काढा असं सांगायचं. एवढंच. वाक्य पाठ केलं. बसमध्ये नशिराबादच्या एक बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "लग्नाले चालल्या का?" मी मान हलवली. तोंडात वाक्यच फिरत होतं. हॉलमध्ये शिरले, सर समोर आले आणि ते वाक्य गेलं. साडी कशाला नेसलीस म्हणाले. शर्ट धरला. मी निघाले.

बाथरूमचं दार लावलं. साडीवरून शर्टात उजवा हात घातला. मग डावा घालायला बाही धरली, आणि फाटलेली कड बोटांना लागली.

कामाचा शर्ट मी ओळखते. तो विरतो कोपराला. काखेत उसवतो. खांद्यावर असा सरळ कधी फाटत नाही. आणि फाटला तर त्याच रात्री शिवावा लागतो. फाटक्या बाहीने केळीत कोणी जात नाही. चीक दंडाला लागला की आग होते, फोड येतात. आमच्यातली कोणतीही बाई हा फोटो बघून म्हणाली असती, ही मजूर नाही, ही सोंग घेतलेली आहे. एवढी साधी गोष्ट. हॉलमध्ये पन्नास माणसं होती आणि एकालाही दिसली नव्हती. कारण त्यांना आम्ही अशाच दिसायला हव्या होतो.

आणि ते सोंग मी माझ्या हाताने सजवलं होतं. राख त्यांनी लावली. उकिरडा त्यांनी निवडला. पण बाही मी फाडली. एका लाल साडीसाठी.

मला तिथेच रडू यायला हवं होतं. आलं नाही. लाज मात्र पायापासून वर चढत आली. मी उजवा हात परत काढला. शर्टाची घडी घातली. पदर नीट केला आणि बाहेर आले.

पहिल्या फोटोशेजारी जाऊन उभी राहिले. त्याच्याखाली तीच उकिरड्याची ओळ लिहिली होती. मी उभी होते, पांढऱ्या साडीत.

सर दुरून खुणा करत होते, शर्ट, शर्ट. एक चष्म्याच्या बाई जवळ आल्या. फोटोकडे बघून, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं बाई, ही खरंच तू? किती बदल केलाय तुझ्यात."

मी बोलले. आवाज इतका बारीक होता की त्यांना वाकावं लागलं.

"हा फोटो पण तयार केलेला आहे," मी म्हणाले. "हे घर नाही माझं. हा उकिरडा शेतमालकाचा आहे. तोंडाला राख लावली होती. शर्टाची बाही धड होती. ह्यांना फाटकी हवी होती म्हणून मी फाडली."

"म्हणजे?"

"म्हणजे मी त्या दिवशी अशीच होते. ह्याच साडीत. ह्यांना चालली नाही."

दोन-तीन माणसं वळली. सर लगबगीने आले. आता मला 'तू' म्हणाले नाहीत.

"अक्का, तुमचा गैरसमज होतोय. ही कला असते. तुमच्या संमतीनेच झालं ना सगळं?"

"हो," मी म्हणाले. "माझी चूक मी सांगितली. तुम्ही खाली लिहिलंय ते काढा."

"ते आता छापलंय."

"मग तुमचं पण सांगा ह्यांना. राख कोणी लावली ते."

सरांनी मोबाइल काढून कानाला लावला. चष्म्याच्या बाई कप ठेवायला जागा शोधत निघून गेल्या. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी माझ्या बाजूने बोललं नाही. थोड्या वेळाने माणसं पुढच्या फोटोकडे सरकली. मी शर्ट काखेत धरून बाहेर पडले. शर्ट माझा होता.

फोटो त्यांनी काढला नाही. मोबाइलवरही तो अजून फिरतोच आहे.

घरी आल्यावर मी मुलीला सगळं सांगितलं. उकिरडा, राख, ऊन. बाहीचंही सांगितलं. ते न सांगता चाललं असतं.

"तूच फाडलीस?" तिने विचारलं.

"हो."

ती उठून आत गेली. अजूनही त्या विषयावर बोलत नाही. वर्गात तिने काय सांगितलं, बदललं की नाही, मी विचारलेलं नाही. तो तिचा प्रश्न आहे.

त्या संध्याकाळी मी सुई घेतली आणि बाही शिवली. काळा दोरा नव्हता, पांढऱ्यानेच शिवली. टाके लांबून दिसतात. दिसू देत. सकाळी तोच शर्ट घालून केळीत गेले. चिकाच्या डागांची मला लाज नाही. ते कामाने पडलेत. लाज त्या टाक्यांची आहे, आणि ती मी झाकणार नाही.

परवा आबांच्या केळीत परत कोणी कॅमेरा घेऊन आलं. दुसरेच लोक. आबा म्हणाले, "हो वं पुढे. तुले तं सवय हाय आता."

मी कोयता खाली ठेवला नाही. त्या कॅमेरेवाल्याला विचारलं, "खाली काय लिहिणार?"

"अजून ठरलं नाही," तो म्हणाला.

"आधी लिहा. मला वाचायला वेळ लागतो. वाचून झाल्यावर सांगते, उभं राहायचं की नाही."

मी पाठ फिरवली आणि पुढच्या केळीचं पिलू कापलं.