अकरा वाजताची गाडी

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला मुलीकडे राहावयास आल्यापासून सकाळची संध्या आटोपली की तिच्या घरामागच्या लाकडी ओट्यावर बसून सूक्तपाठ करण्याचा माझा नेम होता. त्या उन्हाळ्यातील एका सकाळी पाठ चालू असताना शेजारचे वृद्ध इंग्रज गृहस्थ कुंपणावर दोन्ही कोपरे टेकून ऐकत उभे असलेले दिसले. आवाजाचा त्रास होत असावा, अशी माझी समजूत झाली. पाठ पूर्ण करून मी क्षमा मागावयास उठलो, तोच त्यांनी विचारले, "एक सांगा, मघापासून बघतोय. तुम्ही श्वास नेमका कुठे घेता?"

माझ्या आयुष्यात हा प्रश्न मला यापूर्वी केवळ एका व्यक्तीने विचारला होता, तो माझ्या गुरुजींनी. आणि तोही छडी हातात घेऊन. मी त्यांना विरामाच्या जागा दाखविल्या. त्यांनी त्या लक्षपूर्वक ऐकल्या, मान डोलावली आणि म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्यानेही मला आधी हेच शिकवलं. गाणं नंतर."

त्यांचे वृत्त मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळले. इंग्लंडच्या उत्तरेकडील एका बंदराच्या गावात त्यांचा जन्म. खलाशांनी आणलेल्या तबकड्यांवर त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ब्लूज हे गाणे ऐकले आणि ते शिकण्यासाठी विशीतच शिकागो गाठले. तेथील एका वृद्ध गायकाच्या घरी राहून, त्याची भांडी घासून, त्याच्या गिटारीच्या तारा बदलून ते शिकले. या भागाचे वर्णन ऐकताना मला सारखे वाटे की मी एखाद्या पाठशाळेचीच हकीकत ऐकत आहे. पुढे काही वर्षे गाऊन नाव झाले, आणि मग गळ्याची शस्त्रक्रिया झाली. आवाज राहिला, पण खरखरीत झाला. तो खरखरीतपणा एका नाट्यदिग्दर्शकाला आवडला.

"मग काय, कबर खोदणारे, दारुडे डॉक्टर, पश्चात्ताप झालेले खुनी, सगळे माझ्याकडे," ते म्हणाले. "टीव्हीवर सात वेळा मेलो. एकदा तर पहिल्या जाहिरातीच्या आधीच."

गुडघे रंगमंचावर उभे राहू देईनासे झाल्यावर ते रेडिओकडे वळले. पत्नी याच गावची, म्हणून येथे स्थायिक झाले. ती गेल्यावरही घर सोडले नाही. मी त्यांना भेटलो तेव्हा एका लहानशा स्थानिक केंद्रावर दर रविवारी सकाळी सव्वादहा ते सव्वाअकरा त्यांचा कार्यक्रम थेट प्रसारित होत असे. पाऊण तास जुन्या गायकांच्या आठवणी आणि शेवटी एक गाणे, स्वतः गिटार घेऊन. मला ते 'प्रोफेसर' म्हणत. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे, महाविद्यालयात नव्हे, हे मी दोनदा स्पष्ट केले. त्यांनी दोन्ही वेळा "बरं, प्रोफेसर" असेच उत्तर दिले.

पानगळीच्या दिवसांत त्यांना मेंदूचा सौम्य झटका आला. हातपाय वाचले, वाणीही वाचली. परंतु पाठ असलेल्या गोष्टींचा क्रम ढळू लागला. त्यांनी केंद्राला सर्दीचे निमित्त सांगितले, आणि दोन आठवडे तेथे जुनी ध्वनिमुद्रणे लागली. तिसऱ्या आठवड्यात ते आमच्या घरी येऊन जेवणाच्या टेबलाशी बसले.

"बोलायचं कागदावरून वाचता येईल," ते म्हणाले. "पण गाताना कागदाकडे बघितलं की बोटं तारांवर अडखळतात. गाणं डोक्यातच हवं. आणि ते डोक्यातून गळतंय. केंद्र चालवणाऱ्या त्या पोरीला कळलं ना, ती मला फुलं पाठवील आणि माझ्या जागी कायमच्या माझ्याच जुन्या टेप लावील. मी जिवंत असताना!" थोडे थांबून ते म्हणाले, "तुम्हा लोकांना इतकं पाठ राहतं कसं? मला शिकवा."

मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "काका, विचार करा हं. बाबांनी मला एकदा शिकवलं होतं. मी रडले होते."

"मी पैसे घेऊन रडलेला माणूस आहे, डिअर," ते म्हणाले.

मी त्यांना संथा दिली. गुरूने एक वेळ म्हणावे, शिष्याने ऐकून दोन वेळा म्हणावे, आणि चरण पक्का झाल्याखेरीज पुढे जाऊ नये, ही ती पद्धत. त्यांनी एका कागदावर आपले गाणे लिहून आणले. आपली माणसे ज्या गाडीने निघून गेली त्या आठ वाजताच्या गाडीविषयी ते होते. मी इंग्रजी शब्द माझ्या उच्चाराने म्हणत असे व ते आपल्या उच्चाराने दोनदा परतवीत. आठवडाभर रोज सकाळी हे चालले. इतका नम्र विद्यार्थी मला क्वचितच लाभला असेल. शनिवारी त्यांनी सारे गाणे एकाही अक्षराचा फरक न होता म्हटले, आणि मी देवापुढे निरांजन लावून त्यांच्या वाणीसाठी प्रार्थना केली.

रविवारी मुलीने आम्हा दोघांना गाडीने नेले. केंद्र म्हणजे एका इमारतीच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या, मध्ये काच. काचेपलीकडे ती व्यवस्थापिका, माझ्या मुलीहून लहान. ती म्हणाली, "तुमचे मित्र बसू देत की आत, हरकत नाही," आणि पाहुण्यांच्या खुर्चीकडे बोट केले. त्या खुर्चीसमोरही ध्वनिक्षेपक होता व तो चालू होता, हे माझ्या ध्यानात आले नाही.

पाऊण तास उत्तम गेला. मग त्यांनी गिटार घेतली, डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिला चरण निर्दोष. दुसऱ्यात त्यांनी गाडी अकरा वाजता सोडली.

आमच्या पाठशाळेत शेजारचा चुकला तर त्याला तत्क्षणी टोकावे लागे. चूक ऐकून गप्प बसणाऱ्यालाही तितकाच दोष लागतो, असे आम्हांस शिकविलेले होते. साठ वर्षांची ही सवय माझ्या विचारापूर्वी बोलली. "एट!" मी मोठ्याने म्हणालो. "एट ओ'क्लॉक!"

गिटार थांबली. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीत राग नव्हता. पुढचा चरण नाहीसा झाला होता, एवढेच त्यात होते. ओठ हलले, शब्द आला नाही. काचेपलीकडे माझ्या मुलीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. व्यवस्थापिकेचा हात जुन्या ध्वनिमुद्रणाच्या बटणाकडे गेला. ज्या गोष्टीचे भय बाळगून ते माझ्याकडे आले होते, ती मीच घडवून आणली होती, आणि घरोघरी ती ऐकू जात होती.

मला दुसरे काही येत नव्हते. जे येत होते ते मी केले. पुढचा चरण मी पाठशाळेत म्हणावा तसा, संथ व स्पष्ट म्हटला, आणि थांबलो. मग त्यांनी तो चरण गाऊन परतविला. एकदा, आणि दुसऱ्यांदा. मी पुढचा म्हटला. अशा रीतीने, एक मी व दोन ते, ते गाणे शेवटापर्यंत गेले. गाडीचा उल्लेख पुन्हा आला तेव्हा मी धीर करून "इलेव्हन" म्हटले. ते हसले, तो आवाजही श्रोत्यांकडे गेला असणार.

व्यवस्थापिका आत आली. "हे काय होतं?" तिने विचारले. स्वर कठोर नव्हता.

"माझे शिक्षक आहेत," ते म्हणाले. "आणि मला सर्दी नव्हती." मग त्यांनी सारे सांगून टाकले.

"मला आधी सांगायला हवं होतंत," ती म्हणाली. "मी टेप लावली नसती."

"लावली असतीस."

"हो, बहुतेक लावली असती," तिने कबूल केले. शेवटी तिने एक अट घातली. दर रविवारी सकाळी ती फोन करील व विचारील, आज जमेल का. त्यांनी खरे उत्तर द्यायचे. ज्या दिवशी नाही म्हणतील, त्या दिवसापासून थेट प्रसारण थांबेल. "आणि प्रोफेसरांनी यायला हरकत नाही," ती म्हणाली, "फक्त त्यांचा माइक मी बंद ठेवीन."

परतीच्या वाटेवर मुलगी म्हणाली, "बाबा, लाइव्ह रेडिओवर! तुम्ही लाइव्ह रेडिओवर त्यांना करेक्ट केलंत!"

मी त्यांची मनःपूर्वक क्षमा मागितली. ते म्हणाले, "आमचा म्हातारा गाताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. जितके वाजले असतील तितक्या वाजताची गाडी. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की ती आत्ताच गेली. मीही तेच केलं."

"मग कागदावर आठ का लिहिलेत?"

"तो सकाळी आठला लिहिला म्हणून."

एक अक्षर न हलविण्यात आम्ही जी निष्ठा मानतो, तीच निष्ठा त्यांचा गुरू घड्याळाकडे पाहून पाळत होता. हे मला पटावयास बरेच दिवस लागले, आणि अजूनही पुरते पटले आहे असे मी म्हणणार नाही.

तो हिवाळा असाच गेला. दर रविवारी फोन येई, ते "हो" म्हणत, बर्फ बाजूला सारून आम्ही निघत. माझा ध्वनिक्षेपक बंद असे, आणि चरण अडलाच तर मी ओठ हलवीत असे. बर्फ वितळू लागल्यानंतरच्या एका रविवारी ते आमच्याकडे न्याहारीला बसले होते. फोन वाजला. व्यवस्थापिकेने नेहमीचा प्रश्न विचारला असावा. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. माझ्या मनात आले की "हो" म्हणा, मी आहे. परंतु ते मी उच्चारले नाही. तेथे टोकण्याचा मला अधिकार नव्हता.

"नाही, डिअर," ते म्हणाले. "आज नाही. थँक यू." आणि फोन टेबलावर उपडा ठेवून त्यांनी माझ्या मुलीला विचारले, पोहे अजून थोडे उरले आहेत का.

तिने पातेलेच त्यांच्यापुढे आणून ठेवले.