लशीचा मेसेज मी खोटा ठरवला त्याची गोष्ट

फजिती सांगायचीच आहे, तर आधी एक कबूल करतो. त्या दिवशी मी बोललो मात्र फार छान.

मी कोल्हापुरात हायस्कूलला मराठी शिकवतो. गडमुडशिंगीतल्या एका दूध डेअरीच्या सचिवांनी मला बोलावलं. म्हणाले, "सर, आमच्या बायकांच्या फोनवर काय काय येतंय. खरं कुठलं, खोटं कुठलं, जरा शिकवा की." आणि मला बायकांच्या हवाली करून ते कामाला शहरात निघून गेले.

मी म्हटलं, आज आलेला एखादा मेसेज वाचा बघू. एकीनं वाचला, 'उद्या सकाळी आठला डेअरीपाशी लाळ-खुरकूतची लस. जणावरे घेऊन याने. सर्वांना पाठवा.'

आयतं उदाहरण मिळालं. मी फळ्यावरच लिहून काढलं. खाली नाव नाही, दोन शब्द अशुद्ध, वर 'सर्वांना पाठवा'. "खोटा," मी निकाल दिला. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला सचिवांचा फोन. "सर, जनावरांचे डॉक्टर बर्फाची पेटी घिऊन दीड तास बसल्यात. एकच म्हस आलीया."

तसाच गाडीवरून पोचलो. म्हैस अक्काताईंची. काल मागं बसून टाळ्या वाजवणाऱ्यांत त्याही होत्या.

"अक्काताई, काल तुम्हाला माझं पटलं नव्हतं?"

"पटलं की. पर म्हस माजी हाय. घरी जाऊन डॉक्टरला फोन लावला."

एवढं साधं मला का सुचू नये, सांगा.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सर, माझं मराठी कच्चं हाय. लस पक्की हाय. पण उघडलेली बाटली आजच संपवाय लागती."

मी घाबरून डेअरीच्या ग्रुपवर लिहिलं, 'लस खरी आहे. ताबोडतोब जनावरं आणा. सर्वांना कळवा.' कालच मला त्या ग्रुपात घेतलं होतं, सचिव सोडले तर माझा नंबर कुणाकडं नव्हता.

पाच मिनिटांत उत्तर आलं. 'ह्यावर कुणी इश्वास ठिवू नका. खाली नाव न्हाय. ताबडतोब चुकीचं लिवलंय. सरांनी शिकवलंय तसं बघा.'

मग काय, दारोदार. पुढं अक्काताई, मागं मी. मी काही सांगायला लागलो की बाई अक्काताईंकडं बघायची. "व्हय, खरं हाय," त्या म्हणायच्या, मग दावं सुटायचं. दुपारपर्यंत बाटल्या संपल्या.

पुढच्या महिन्यात डेअरीनं पुन्हा वर्ग ठेवलाय. शिकवणार अक्काताई. मी सचिवांना विचारलं, "मी आलो तर चालेल का?"

"या की सर," ते म्हणाले. "पहिल्या रांगेत बसा. तुम्हालाच जास्त गरज हाय."