वसंताचा वाळा

तीन वर्षं मी वसंताला लबाड समजत होतो.

आज त्याचं वर्षश्राद्ध. जेवून आलो आणि लिहायला बसलोय.

वसंता टपालखात्यातला. उभा जन्म पत्रं लावण्यात गेला. छंद मात्र सापांचा.
मी मराठीचा मास्तर. दर रविवारी भाट्याला त्याच्या पडवीत आमचा वाद.

"आपल्या बागेतला खापरखवल्या अजगराच्या जवळचा," तो म्हणे.
"वीतभर साप! दिसतो तर मांडुळासारखा."
"मेल्या, पाकीट सारखं म्हणून घर एकच काय? पत्ता बघायचा. DNA म्हणजे पत्ता."

एकदा म्हणाला, सगळे आंधळे साप वंशवृक्षाच्या एकाच फांदीवरचे. पुढच्या महिन्यात म्हणे, नाही, वेगवेगळ्या फांद्या.

चौथीत पाठ केलेली कविता माझ्या डोक्यात अजून जागची हललेली नाही. याचे साप मात्र दर महिन्याला बिऱ्हाड बदलत.

मला संशय आला. हा थापा मारतोय.

शिवाय त्या दिवसांत पुस्तक उघडून दाखवत नसे. "तूच वाच," म्हणे.

म्हणून परीक्षा घ्यायची ठरवली.

आंब्याच्या मुळाशी एक मेलेलं देवगांडूळ सापडलं. ते साप नव्हे, बेडकाच्या गोतातलं. अंगावर वळ्या असतात, खवले नसतात. हा फरक मला वसंतानंच शिकवलेला.
बाटलीत, स्पिरिटमध्ये घालून नेलं. "वाळा मिळाला रे!"
वाळा म्हणजे गांडुळाएवढा आंधळा साप.

त्यानं बाटली मांडीवर घेतली. "रंग कसा?"
समोर आहे तरी मला विचारतो!
"काळपट. चकचकीत."
"डोळे?"
"नुसते ठिपके."
"मग वाळाच. शाब्बास मास्तर!"

पकडला, म्हटलं.

चहाच्या टपरीवर चार जणांत सांगितलं. सगळे हसले. त्याच्या कानावर जाईलच, म्हटलं. मी जाणं बंद केलं.

आज पानावरून उठल्यावर वहिनींना विचारलं, "शेवटी वाचायचा का तो?"

"कुठलं वाचणार, भाऊजी! काचबिंदू. तीन-चार वर्षं नुसता उजेड कळायचा. मीच वाचून दाखवायची, अडखळत. 'मास्तराला सांगू नको, वाद घालायचा सोडेल,' म्हणायचे."

मग त्यांनी वही आणली. सापांची यादी. शेवटची पानं वहिनींच्या अक्षरात.

'वाळा. स्वतः पाहिला नाही. मास्तरांनी सांगितला, म्हणून नक्की.'

तिथंच वहिनींना सगळं सांगितलं.

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. मग पेन पुढे केलं. "खोडा. चुकीचं ठेवलेलं त्यांना चालायचं नाही."

मी खोडलं. खाली लिहिलं:
'देवगांडूळ. साप नव्हे. मास्तर खोटं बोलला.'

खाली सही केली.

वसंता, यादी दुरुस्त केली रे. बाकीचं माझ्याकडून दुरुस्त होणार नाही.

तुला माझा नमस्कार.